कोंडाजीअण्णांचं रिकामं कॅरिअर

मखमलाबादच्या कोंडाजी विधात्यांना सायकल चालवता येते की नाही, हा प्रश्न त्यांच्या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्याच घरात निघाला. ज्या माणसानं एकेचाळीस वर्षं रोज पहाटे झेंडूच्या दोन पाट्या आणि त्यावर गुलाबाचं गाठोडं लादून नाशिकचा फूलबाजार गाठला, त्याच्याबद्दल असं विचारणं म्हणजे गोदावरीला नाशिकचा रस्ता ठाऊक आहे का, असं विचारण्यासारखं होतं. पण विचारलं गेलं खरं.

झालं असं, की दसऱ्याच्या आठ दिवस आधी, दूध डेअरीसमोरच्या सपाट डांबरी रस्त्यावर एका शेळीला वाट देता देता अण्णा सायकलीसकट आडवे झाले. वेग म्हणाल तर शेळीपेक्षाही कमी. शेळीला काही झालं नाही. अण्णांच्या डाव्या मनगटाला महिनाभर प्लास्टर.

"वय झालं आता," मुलगा दीपक म्हणाला. "सायकल भंगारात घालू."

"वयाचा काय संबंध? कॅरिअर रिकामं व्हतं," अण्णा म्हणाले.

हे ऐकून घरातले सगळे हसले, पण अण्णा विनोद करत नव्हते. चार वर्षांपूर्वी दीपकनं पिकअप घेतली, पॉलिहाऊस उभारलं आणि फुलं चार चाकांवरून बाजारात जायला लागली. अण्णांना सवय सुटेना म्हणून ते तरीही रोज पहाटे सायकल काढून बाजारात चक्कर मारून यायचे, पण रिकामे. आणि रिकामी सायकल, त्यांच्या मते, सायकलच नव्हे. मागं मणभर वजन असलं की ती कशी शहाण्यासारखी सरळ चालते. वजन काढलं की हँडल वाऱ्यावर जातं, चाक लाडात येतं. एवढं साधं शास्त्र घरात कुणाला कळत नव्हतं.

प्लास्टरच्या महिन्यात तर अण्णांनी घराला नकोसं करून सोडलं. मुळात त्यांना बसता येत नाही. टीव्हीसमोर बसले तर बातम्या संपायच्या आत तीनदा उठून फाटक बघून येतात. जेवायला बसले तर दुसऱ्या भाकरीला उकिडवे होतात, तिसरी उभ्यानं. त्या महिन्यात त्यांनी पॉलिहाऊसभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की तिथं पायवाट पडली. "आवं, जरा टेका की," कुसाबाई म्हणायच्या, "बघून बघून मला गरगरतंय." अण्णा टेकायचे आणि पाच मिनिटांत तोच विषय. आपण वयामुळं पडलो की रिकाम्या कॅरिअरमुळं? कॅरिअरमुळं असेल तर ठीक. पण वयामुळं असेल तर? रात्री कुशीवर वळताना देखील ते मनातल्या मनात वजन मागं घेऊन वळायचे.

शेवटी सून हर्षालीनं तोडगा काढला. तिच्या शाळेतले काही शिक्षक एका सायकल मंडळात होते. दर हिवाळ्यात हे मंडळ सायकलीवरून कुठंतरी जायचं, तंबू ठोकून एक रात्र राहायचं आणि परतायचं. या खेपेला सायखेड्याच्या पुढं, गोदाकाठच्या एका द्राक्षबागेशेजारी मुक्काम होता. जायचे पस्तीस किलोमीटर, यायचे पस्तीस.

"अण्णांना जाऊ द्या," ती म्हणाली. "न पडता परत आले तर सायकल राहील. पडले तर पुन्हा नाव काढायचं नाही."

"शब्द?" दीपकनं विचारलं.

"शब्द," अण्णा म्हणाले आणि उठून फाटक बघून आले.

निघायच्या दिवशी अण्णांनी कॅरिअरवर भलीथोरली वळकटी बांधली. जमायच्या मैदानावर साठेक लोक होते, सगळे चिकटलेल्या कपड्यांत आणि पोपटांसारखे रंगीत. त्यांच्या सायकली इतक्या हलक्या की एका करंगळीवर उचलून दाखवत होते. आपली सायकल किती ग्रॅमनं हलकी झाली, यावर दोन वकील हमरीतुमरीवर आले होते. त्यांच्यामध्ये अण्णांची काळी, चोवीस इंची, लोहाराकडून जाड कॅरिअर ठोकून घेतलेली सायकल म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरलेली म्हैस. अण्णा स्वतः पायजमा, स्वेटर आणि कानटोपी अशा वेषात. कानटोपीवर हेल्मेट चढवल्यामुळं ते खाणीत उतरायला निघाल्यासारखे दिसत होते.

मंडळाचे प्रमुख अमोल, पेशानं दातांचे डॉक्टर, हसत पुढं आले. "काका, सामान टेम्पोत टाका. आपल्याकडं कुणी ओझं नेत नाही."

"राहू द्या, मला सवय हे."

"नियम आहे काका." डॉक्टरांनी वळकटीला हात घातला आणि ती जागची हलली नाही. दोघं वकीलही धावले. "काका, यात काय दगड भरलाय का?"

"पाटा हे," अण्णा म्हणाले.

"पाटा?"

"मला ताजी चटणी लागते."

हे अर्धसत्य होतं. बरोबर वरवंटा नव्हता. पण पाटा गेला टेम्पोत, आणि अण्णांचं कॅरिअर पुन्हा मोकळं झालं.

नांदूर नाक्यापर्यंतचे सहा किलोमीटर अण्णांनी जे सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मागं काही नाही, या जाणिवेनं त्यांची पाठ थंड पडली होती. खांदे कानांना लागलेले, मुठी आवळलेल्या. रंगीत मंडळी केव्हाच पुढं गेली. अण्णांच्या मागं फक्त एक जण उरली होती, पन्नाशीच्या प्रतिभाताई, पाटबंधारे खात्यात नोकरीला, गळ्यात शिट्टी. त्यांचं काम सगळ्यांत शेवटी राहायचं. आपल्या मागं एकही स्वार राहू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. अण्णांना हा नियम कुणी सांगितला नव्हता. त्यांनी आपला अर्थ काढला, की ही बाई दीपकनं पाळतीवर ठेवलेली आहे.

खात्री करायला अण्णा एका उसाच्या रसवंतीच्या खांबाला सायकल लावून उतरले. ताई थांबल्या. अण्णांनी चाकातली हवा दाबून पाहिली. ताईंनीही आपली दाबून पाहिली.

"तुम्ही व्हा पुढं," अण्णा म्हणाले.

"नाही काका, तुम्ही व्हा."

"मला वेळ लागंल."

"लागू द्या की. मला कुठं घाई आहे?"

"मी लघवीला जाणारे."

"जाऊन या. मी इकडं तोंड करून उभी राहते."

अण्णा झाडामागं उगाच दोन मिनिटं उभे राहून आले. ताई तिथंच. अण्णांची खात्री पटली.

माडसांगवीच्या अलीकडं मात्र देव भेटल्यासारखं झालं. रस्त्याकडेला कोबीची काढणी चालू होती आणि बांधावर भिमाजी उभे होते. भिमाजी आणि अण्णांची फूलबाजाराबाहेरच्या चहाच्या टपरीवरची तीस वर्षांची ओळख.

"कोंडाजी! अन् रिकामा?" भिमाजी ओरडले.

एवढ्या एका प्रश्नानं अण्णांना भरून आलं. जगात एक तरी माणूस होता ज्याला पहिल्या नजरेत मुद्दा कळला.

"एक गोणी दे भिमा. आज गोदाकाठी तंबूत मुक्काम हे."

"कोबीची? तू तंबूत राहाया चाललास ना?"

"साठ माणसं हायेत. भाजी नको?"

सायकल बाभळीला लावली, गोणी भरली. दोघांनी ती आडवी टाकून सुतळीनं आवळली, कॅरिअर करकरलं. प्रतिभाताई बघतच राहिल्या. "काका, जेवणाचं कंत्राट दिलंय हो."

"त्याला कोबी नसंल सुचला," अण्णा म्हणाले. दोन पावलं सायकल ढकलून त्यांनी पुढच्या नळीवरून टांग टाकली आणि सुटले.

आणि काय सुटले! खांदे खाली आले, मुठी सैल पडल्या. सायकल रेघेवर ठेवल्यासारखी निघाली. शिलापूर गेलं, ओढा गेलं. लाखलगावात चहाला थांबलेल्या दोन वकिलांच्या समोरून अण्णा घंटी वाजवत गेले. प्रतिभाताई शिट्टी मारून वकिलांना पुढं हाकलत मागं धापा टाकत होत्या. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच शेवटचा स्वार पळून चालला होता. चांदोरीच्या अलीकडं अण्णांनी खुद्द दातांच्या डॉक्टरांना गाठलं.

"काका, जबरदस्त!"

"कॅरिअर!" अण्णा ओरडले आणि पुढं झाले. डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी अंगठा दाखवला.

आता दीपकला काय काय ऐकवायचं, याची अण्णांनी मनात जुळणी सुरू केली. वय झालं म्हणे! दर पायडलला एक वाक्य सुचत होतं. आणि सायखेड्याच्या पुलाच्या तोंडाशी उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली.

पुढच्या सगळ्या सायकली थांबल्या. सगळ्यांनी एकेक पाय खाली टेकवला आणि बाटल्या काढून पाणी प्यायला लागले. अण्णाही हळू झाले. आणखी हळू झाले. ट्रॉली हलेना. अण्णा सीटवर ताठ बसलेले, दोन्ही पाय पायडलवर, हँडल डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. मग ते अगदी सावकाश, कापलेला ऊस पडावा तसे डाव्या अंगाला पडले. गोणी फाटली. कोबीचे गड्डे उताराला लागून पुलावर धावत गेले आणि साठ सुशिक्षित माणसं त्यांच्यामागं.

या वेळी मनगट वाचलं, कोपर खरचटलं. पण अण्णा उठेनात. लागलं म्हणून नव्हे. मागं पंचवीस किलो कोबी होता. कॅरिअर भरलेलं होतं. भरलेल्या कॅरिअरनिशी आपण पडलो, एवढीच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत होती. म्हणजे मग दुसरंच कारण उरलं.

मुक्कामी पोचल्यावर सगळ्यांनी कोपरावर इतकी मलमं लावली की ते चिकटायला लागलं. हर्षालीच्या शाळेतल्या शिक्षकांकडून शेळीची, रिकाम्या कॅरिअरच्या वादाची आणि अटीची गोष्ट सगळ्यांना कळलेली होती. "काका, आम्ही कुणी घरी काही बोलणार नाही," मोठा वकील म्हणाला. "कोण म्हणतं तुम्ही पडलात? पुरावा काय?" धाकट्यानं तर फाटकी गोणी लपवूनही ठेवली.

यानं अण्णांची तगमग आणखी वाढली. घरच्यांपासून लपवता येईल. पण आपण पडलो हे आपल्याला कसं लपवायचं? ते तंबूत गेले, बाहेर आले. द्राक्षाच्या दोन ओळींमधून शेवटपर्यंत गेले, परत आले. लोक गाणी म्हणत होते, निफाडच्या थंडीला नावं ठेवत होते, कोबीची भजी तळली जात होती. एकजण अण्णांना ओढून शेकोटीपाशी बसवायचा, दुसऱ्या मिनिटाला ती जागा रिकामी. एवढ्यात कुसाबाईंचा फोन आला.

"माझा पाटा कुठं हे?"

"इथं हे."

"तिथं? तिथं काय करतोय?"

"काय न्हाय. पडलाय," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा चालायला लागले.

सूर्य बुडता बुडता प्रतिभाताई दोन कप चहा घेऊन बांधावर आल्या. अण्णा येरझाऱ्या घालत होते. त्या मुकाट्यानं शेजारून चालायला लागल्या. चौथ्या फेरीला अण्णाच थांबले.

"सांगून टाका दीपकला. तुमचं कामच हे ते."

"कोण दीपक?"

"माझा मुलगा. त्यानंच ठेवलंय ना तुम्हाला माझ्या मागं?"

ताई इतक्या हसल्या की चहा सांडला. मग त्यांनी शेवटच्या स्वाराचा नियम सांगितला. अण्णा ओशाळले. मग त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या मागं होते म्हणून मी नीट पाहिलं. तुम्ही पाय का नाही टेकवला?"

"कुठं?"

"पुलापाशी. जमिनीवर. सगळ्यांनी टेकवला."

अण्णांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू ताईंनी भर रस्त्यात त्यांना पायजमा सोडायला सांगितलं होतं. "पाय टेकवायचा? माल असताना?"

आणि मग त्यांनी आपला एकेचाळीस वर्षांचा धंदा समजावून सांगितला. डोक्याच्या वर जाणाऱ्या पाट्या मागं असल्या, की बसल्या बसल्या पाय खाली गेला रे गेला, त्या अंगाला सगळं कलंडतं. एकदा झेंडू रस्त्यावर सांडला की तो देवालाही चालत नाही आणि गिऱ्हाइकालाही. म्हणून फूलवाला पाय टेकवतच नाही. गर्दीत ओरडायचं, कडेनं काढायचं, चालवत राहायचं. बाजारात पोचलं की ठरलेल्या खांबाला सायकल रेलून उभी करायची आणि मगच उतरायचं. त्यांना थोरल्या चुलत्यानं शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी पाय टेकवला म्हणून पाठीत धपाटा बसला होता.

"आणि सिग्नलला?"

"सिग्नल मागाहून आले. लाल असला की मी चौकातच गोल फिरायचो. पोलिसाला म्हाईत व्हतं."

ताईंचा कप हातातच राहिला. "काका, म्हणजे एकेचाळीस वर्षं तुम्ही सायकलीवर बसून कधी थांबलाच नाहीत?"

"थांबून कसं चालंल?"

"अहो, मग शेळीसमोर तुम्ही पडलात ते रिकाम्या कॅरिअरमुळं नाही. वयामुळं पण नाही. तुम्ही पाय काढलाच नाहीत!"

अण्णांच्या हातातला चहा गार झाला. मग ते चक्क बांधावर बसले. बसले ते बसलेच. ताईंना काळजी वाटायला लागली.

सकाळी उजाडताच, गवतावर दव असताना, बागेच्या वाटेवर शिकवणी सुरू झाली. चोवीस इंची सायकल, सीटवरून पाय जमिनीला पोचायचे नाहीत. आधी ब्रेक, मग सीटवरून पुढं घसरायचं, मग डावा पाय. ताई शिट्टी वाजवायच्या. शिट्टी वाजली की अण्णांनी थांबायचं.

शिट्टी वाजली. अण्णा एका द्राक्षवेलीला गोल चक्कर मारून आले.

"काका, टेकवा!"

"टेकवतोय!"

"कुठं टेकवताय? फिरताय!"

"पायाला सांगतोय, ऐकत न्हाय!"

पुन्हा शिट्टी. पुन्हा चक्कर. दात घासत असलेली मंडळी फेसासकट गोळा झाली. "डावा, काका, डावा!" वकील ओरडले. दातांचे डॉक्टर स्वतःच्या सायकलीवर बसून पाय टेकवून दाखवायला लागले, जणू अवघड आसन आहे. अण्णांना पाठीत चुलत्याचा धपाटा बसेल असं दरवेळी वाटत होतं. पाय पायडल सोडायचा, अर्ध्यावर यायचा आणि घाबरून परत जायचा. दोनदा ते ताईंच्या अंगावर रेलले. एकदा वकिलाच्या, आणि वकील पडला. अकराव्या की बाराव्या शिट्टीला त्यांनी डोळे मिटले, पुढं घसरले आणि पाय सोडून दिला.

खाली जमीन होती.

अण्णा उभे राहिले. सायकल त्यांच्या मांड्यांमध्ये निमूट उभी. मागं काही सांडलं नाही. टाळ्या वाजल्या, पण अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते आपल्या डाव्या चपलेकडं बघत होते.

परतीला सामान टेम्पोत गेलं. अण्णांनी कुरबूर केली नाही, पण मन थाऱ्यावर नव्हतं. शिकवणीत टेकलेला पाय रस्त्यावर टेकेल का? आणि शब्दाचं काय? पडलो तर आहोच. वकिलांचा सल्ला डोक्यात घुमत होता आणि नांदूर नाका जवळ येत होता.

नाक्याचा सिग्नल लाल. डावीकडं ट्रक, उजवीकडं रिक्षा, गोल फिरायला वीतभर जागा नाही. आणि समोर, चौकापलीकडं, दीपकची पिकअप. तो न्यायला आला होता. दाराला टेकून, हात बांधून बघत होता.

अण्णांनी ब्रेक दाबला. सायकल डगमगली. दीपकचे हात सुटले, तो एक पाऊल पुढं आला. अण्णा सीटवरून घसरले, पाय पायडलवरून निघाला, अर्ध्यावर घुटमळला. मागून ताईंची शिट्टी वाजली, अगदी हळू.

पाय टेकला.

ट्रक आणि रिक्षेच्या मध्ये कोंडाजी विधाते एका पायावर उभे राहिले, चारचौघांसारखे. इतके रमले की सिग्नल हिरवा झाला तरी हलेनात. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला, रिक्षावाल्यानं त्यांच्या खानदानाची चौकशी केली, तेव्हा कुठं ते निघाले आणि थेट पिकअपपाशी येऊन पुन्हा एकदा पाय टेकवून थांबले.

"काल पडलो," ते म्हणाले.

मागं येऊन पोचलेल्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"लागलं का?" दीपकनं विचारलं.

"कोबीला लागलं. शब्द दिलाय, सायकल घे." अण्णांनी हँडल पुढं केलं. "पण एक ऐकून घे. वयानं न्हाय पडलो. कॅरिअरनं पण न्हाय. ती माझी चूक. मी पाय टेकवत नव्हतो."

"मी बघितलं आत्ता," दीपक म्हणाला. तो सायकलीकडं बघत राहिला, मग बापाच्या डाव्या चपलेकडं. लहानपणी पाट्यांच्या पुढं, नळीवर बसून तो बाजारात जायचा. आपण कधी कुठं थांबलोच नाही, हे त्याच्याही आत्ताच लक्षात येत असावं. "एकदाच टेकवलात. योगायोग असंल."

"योगायोग? इथून घरापर्यंत सिग्नल किती हायेत?"

"चार-पाच."

"चल मागं मागं. मोज."

दीपक पिकअपमध्ये बसला, गाडी चालू केली आणि सायकलीच्या मागं बैलगाडीच्या चालीनं निघाला. अण्णा पुढं. पहिला सिग्नल आला तो हिरवा. अण्णांचा चेहरा पडला. दुसराही हिरवा. आयुष्यात ज्याला थांबणं परवडलं नाही, तो माणूस आता चौकाचौकात मान वर करून लालची वाट बघत होता, तोंडानं पुटपुटत होता. तिसरा दिसायला लागला तेव्हा तोही हिरवाच होता, आणि अण्णा मुद्दाम हळू झाले.

पिवळा लागला. आजूबाजूच्या सगळ्यांनी जोर करून गाड्या दामटल्या. अण्णांनी ब्रेक दाबला.